४५ मायक्रॉनचा घोळ: चाळणीत पास, लेझरवर फेल

पावडरवाला
राम राम मंडळी. इथं फौंड्रीवाले लॅबवाले बरेच हायत म्हणून विचारतोय. आमचं गोकुळ शिरगावला जॉबवर्क ग्राइंडिंग आहे, पल्व्हरायझर (दळायचं मशिन) आणि त्याच्या पुढं क्लासिफायर (बारीक-जाड वेगळं करणारं), मुख्य माल फ्लेक ग्रॅफाइट, तो पुढं फौंड्री कोटिंग (साच्यावर मारायचा लेप) बनवणाऱ्यांकडं जातो. वर्षानुवर्षं ३२५ मेशवर पास करून देतोय, म्हणजे ४५ मायक्रॉन, ९८ टक्के खाली गेला की पोतं शिवायचं, विषय संपला. आता पुण्याकडच्या एका नव्या पार्टीनं माल लेझरनं कणांचं माप काढणाऱ्या मशिनवर चेक केला आणि अख्खा लॉट होल्डवर टाकला. रिपोर्टात डी१० ६, डी५० २१, डी९० ५८ (म्हणजे १०, ५० आणि ९० टक्के माल इतक्या मायक्रॉनच्या खाली), आणि ४५ च्या खाली फक्त ८३ टक्के. ग्राफला एक मोठा डोंगर आणि उजवीकडं २०० मायक्रॉनच्या आसपास बारकं टेकाड. तोच माल माझ्याकडं चाळला तर वर दोन टक्केसुद्धा राहत नाही. त्यांचा क्यूसीवाला म्हणतोय लेझर खोटं बोलत नाही. मग आमची चाळणी खोटं बोलत्या का? ट्रकभाडं दोन्हीकडचं माझ्याच डोक्यावर बसणार असं दिसतंय, कुणाला अनुभव असंल तर सांगा.

इचलकरंजीकर
पेमेंट लांबवायचं असलं की सगळ्यांची मशिनं खरंच बोलायला लागत्यात भावा, आमच्याकडं सुताच्या काउंटचं पण हेच.

शिरोली_मोल्डर
ग्रॅफाइट ३२५ मेश म्हणजे ३२५ मेश, त्यात लेझर कुठनं आलं? आम्ही कोटिंगचं बोमे (दाटपणा) बघतो, कोअरवर (साच्यातल्या वाळूच्या गाभ्यावर) मारतो, सुकल्यावर बोट फिरवतो आणि कास्टिंग फोडून पेनिट्रेशन (धातू वाळूत शिरणं) आलंय का बघतो. एवढ्यावर इथली निम्मी इंडस्ट्री उभी आहे. लॉट परत आण आणि इकडं वीक.

लॅबातली
दादा, आधी रिपोर्टाच्या खालच्या चौकटीत काय छापलंय ते सांगा. सगळे डी९० बघतात आणि खरी कुंडली त्या चौकटीत असते. माल ओला मापला का कोरडा, ओला असेल तर कशात, अल्ट्रासोनिक (गठ्ठे फोडायची ध्वनिकंपनं) किती वेळ दिलं, ऑब्स्क्युरेशन (कणांनी अडवलेला प्रकाश) किती, मॉडेल (आकडा काढायचं गणित) कुठलं, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (कण प्रकाश किती वाकवतो) काय टाकला. मी कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीत एका पेंट कंपनीच्या लॅबला आहे, दिवसभर हेच काम. हे कळल्याशिवाय ५८ या आकड्याला काही अर्थ नाही.

पावडरवाला
ताई हे घ्या. ओला, पाण्यात. ऑब्स्क्युरेशन १४ टक्के. अल्ट्रासोनिकच्या पुढं काहीच लिहिलेलं नाही. इंडेक्स १.५२, अ‍ॅब्सॉर्प्शन ०.१. फोनवर विचारलं तर पोरगा म्हणाला की ग्रॅफाइट पाण्यावर तरंगत होतं म्हणून भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब टाकले आणि पंप फुल केला.

लॅबातली
झालं मग, तुमचं २०० वालं टेकाड बहुतेक फेसाचं आहे 🙂

ग्रॅफाइटला पाणी आवडत नाही, ते नीट भिजतच नाही, म्हणून सर्फॅक्टंट (साबणासारखं भिजवणारं रसायन) लागतो हे बरोबर. पण साबण जास्त आणि पंप फुल म्हणजे ढवळणीत हवा ओढली जाते, आणि मशिनला हवेचा बुडबुडा आणि पावडरचा कण यातला फरक कळत नाही, दोन्ही लाइट वाकवतात. बुडबुडे बहुतेक वेळा १०० मायक्रॉनच्या वरच दिसतात. तुमचा माल १०० मेशवर, म्हणजे १५० मायक्रॉनच्या चाळणीवर, टाकून बघा, वर काहीच राहिलं नाही तर २०० मायक्रॉनचा कण येणार कुठून? आणि हे सगळं व्हॉल्यूमवर चालतं हे ध्यानात घ्या, १०० मायक्रॉनचा एक दाणा म्हणजे १ मायक्रॉनचे दहा लाख दाणे. त्यामुळं थोडेसे बुडबुडे सुद्धा डी९० ला उजवीकडं ओढतात, डी५० मात्र फारसा हलत नाही. नळाचं गार पाणी थेट टाकीत भरलं तरी हा त्रास होतो, पाणी गरम व्हायला लागलं की विरघळलेली हवा सुटते आणि खिडकीच्या काचेला मण्यांसारखी चिकटते. आम्ही पाणी आदल्या दिवशी भरून ठेवतो. ग्रॅफाइटला तर सरळ आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरावं, भिजतं पण छान आणि फेस नाही. फक्त पाण्यानंतर लगेच आयपीए भरू नये, दोन्ही मिसळताना लिक्विडमध्ये जे धुरासारखे पट्टे दिसतात ते पण मशिन मोठे कण म्हणून मोजतं.

सर्व्हिसवाला
ताईंशी सहमत. मी हीच मशिनं दुरुस्त करत फिरतो (कंपनी सांगत नाही, धाग्यात जाहिरात नको). १.५२ आणि ०.१ बघून हसू आलं, हे काचेच्या जवळपासचे आकडे आहेत, सॉफ्टवेअरमध्ये आधीचं जे होतं ते तसंच ठेवलंय. काळंकुट्ट ग्रॅफाइट आणि अ‍ॅब्सॉर्प्शन ०.१? पण पावडरवाले, यावर भांडायला जाऊ नका. २०-५० मायक्रॉनला इंडेक्स चुकला तरी वरचा आकडा फार बदलत नाही. गडबड होते ती खाली, एक-दोन मायक्रॉनच्या पट्ट्यात, तिथं चुकीच्या इंडेक्सनं नसलेले बारीक कण उगवतात. म्हणजे डी१० वर शंका घ्या, डी९० वर या कारणानं नको.

पावडरवाला
मला एक सांगा, हे मशिन नेमकं बघतं काय? मी समजत होतो फोटो काढून मोजतं.

निवृत्त_मास्तर
फोटो काढत नाही. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढं जा.

पन्हाळ्यावर पावसाळ्यात धुकं असताना समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती एक तेजाचं वलय दिसतं, बघितलं असेल. धुक्याचे थेंब जितके बारीक तितकं वलय मोठं, थेंब मोठे झाले की वलय आवळून दिव्याला चिकटतं. लेझरचं यंत्र हेच वलय मोजतं. मधे काचेची खिडकी, तिच्यातून पावडर वाहत्या पाण्यात किंवा हवेत जाते, एका बाजूनं किरण, दुसऱ्या बाजूला वेगवेगळ्या कोनांवर बसवलेले डिटेक्टर. हीलियम-निऑनचा लाल लेझर ६३२.८ नॅनोमीटरचा. गोल कण धरला तर पहिलं काळं कडं ज्या कोनावर पडतं त्याचं साधं सूत्र आहे, १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले व्यास म्हणजे त्या कोनाचा साइन. करून बघा, १०० मायक्रॉनला कोन येतो ०.४४ अंश, १० मायक्रॉनला ४.४ अंश. म्हणजे मोठे कण सगळे मधल्या ठिपक्याला खेटून बसतात आणि अर्ध्या अंशाच्या आत त्यांची गर्दी वेगळी करायची असते, म्हणून काचेवरचा एखादा डाग किंवा थोडं हललेलं अलाइनमेंट सुद्धा मोठ्या कणांच्या बाजूला गोंधळ घालतं.

हे झालं फ्राउनहोफरचं गणित, त्यात कण म्हणजे अपारदर्शक चकती असं धरतात. बारीक आणि पारदर्शक कणांतून प्रकाश आरपार पण जातो, तिथं हे पुरत नाही. तिथं गुस्टाव्ह मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञाचं १९०८ चं गणित लागतं. त्याला पावडरशी काही देणंघेणं नव्हतं हो, सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात लाल का दिसतात हा त्याचा प्रश्न होता. पण ते गणित हातानं करायचं म्हणजे जन्म गेला असता, म्हणून ही यंत्रं बाजारात यायला १९७० चं दशक उजाडलं, संगणक आल्यावर.

आणि मुद्द्याची गोष्ट, यंत्राला मिळतं ते सगळ्या कणांचं मिळून एक वलय. त्यावरून उलटं गणित करून ते सांगतं की अमुक मापाच्या गोळ्या अमुक प्रमाणात असत्या तर असं वलय पडलं असतं. गोळ्या, बरं का. तुमचं ग्रॅफाइट गोल आहे का?

सर्व्हिसवाला
मास्तर, नमस्कार घ्या. आता खरा मुद्दा आला. फ्लेक ग्रॅफाइट म्हणजे पापुद्रे. समजा एक पापुद्रा ५५ मायक्रॉन रुंद आणि ४-५ जाड आहे. चाळणीचं भोक ४५ चं, पण ते चौकोनी, त्याचा कर्ण काढा, ४५ गुणिले १.४१४, जवळपास ६३. पापुद्रा उभा होऊन तिरका शिरला की आरामात खाली. चाळणी जितका वेळ हलवाल तितक्या जास्त पापुद्र्यांना ती वाट सापडते. आता तोच पापुद्रा लेझरपुढं आला की आडवा-तिडवा फिरत येतो, वाहत्या लिक्विडमध्ये बऱ्याचदा रुंद बाजू किरणाकडं करून, आणि मशिन त्याची गोळी करतं पन्नास-साठची. चाळणी म्हणते ४५ च्या खाली, लेझर म्हणतं वर. दोघांचंही बरोबर. गोलसर कण असते तर एवढी तफावत आली नसती, झिरकॉनच्या पिठाला चाळणी आणि लेझर बरेच जवळ येतात.

शिरोली_मोल्डर
मग हेच तर मी म्हणतोय की! जी चीज पापुद्र्याची आहे तिला गोळी समजणारं मशिन कशाला लावायचं?

लॅबातली
कारण काका, चाळणी ४५ च्या खाली आंधळी आहे. ४०० मेश घेतली तरी ३८ ला थांबते. तुमच्या ९८ टक्क्यांत १० मायक्रॉनखालचे किती आणि ३० च्या आसपासचे किती हे ती सांगूच शकत नाही, आणि कोटिंग बिघडतं ते तिथंच. बारीक जास्त झाले की थर सुकताना तडकतो आणि पाणी जास्त पितो, जाड जास्त झाले की ड्रममध्ये तळाला बसतं. चाळणीवर दोन लॉट अगदी सारखे आणि ड्रममध्ये एक बसतोय एक नाही, असं तुमच्याकडं कधी झालं नाही का?

शिरोली_मोल्डर
झालंय. गेल्या पावसाळ्यात लई वैताग आलता, ड्रममधी खाली दगड आणि वर पाणी. आम्ही पावसाला शिव्या घातल्या.

कारखान्याचा_केमिस्ट
मी साखरेतला माणूस, विषयाला धरून नाही पण राहवलं नाही. आमच्याकडच्या पिठीसाखरेचं सॅम्पल एकानं बाहेर लेझरला पाठवलं तर तिथल्या ऑपरेटरनं पाण्यात टाकलं. मशिन म्हणालं सॅम्पल नाही. 😂 पाठवताना पाकिटावर कशात विरघळतं ते पण लिहीत जा रे बाबांनो.

बेंटोनाइट_ट्रेडर
आमच्या मालाला पण पाणी चालत नाही, विरघळत नाही पण फुगतो. पाण्यात जितका वेळ ठेवाल तितका आकडा बदलतो. कोरडं मापा म्हणून सांगतो तर पावसाळ्यात दर वेळी वेगळंच येतं.

सर्व्हिसवाला
कोरड्या मापणीला कॉम्प्रेस्ड एअर लागते आणि कोल्हापूरच्या जुलैत एअर ड्रायर नसलेला कॉम्प्रेसर म्हणजे पाण्याचा फवाराच. पावडरचे गठ्ठे होतात आणि मशिन गठ्ठा म्हणजे एक कण धरतं. प्रेशर वाढवून गठ्ठे फोडायला जावं तर नाजूक कण पण फुटतात. म्हणून दोन-तीन प्रेशरवर मापून बघायचं, आकडा जिथं स्थिर होतो ते प्रेशर धरायचं. ओल्यात अल्ट्रासोनिकचं तसंच, देत जा आणि डी९० बघत जा. आधी घसरतो, गठ्ठे सुटले की थांबतो. थांबून परत घसरायला लागला तर आता तुम्ही कण मोडताय. पापुद्र्यांना जास्त अल्ट्रासोनिक देऊन डी९० खाली आणायची आयडिया कुणाच्या डोक्यात येत असेल तर आधीच सांगतो, ते फसवणुकीत जमा होतं.

पावडरवाला
माझ्या डोक्यात आलतीच 😄

बरं, आता एक घोळ. त्यांनी सॅम्पल कुठनं काढलं विचारलं तर म्हणे वरच्या एका पोत्याच्या तोंडाशी चमचा घालून.

लॅबातली
यावर बोलायला लागले तर धागा संपायचा नाही. लाखोंचं मशिन आणि चमचा पोत्याच्या तोंडाशी. मशिनमध्ये जातं ते ग्रॅमभर सुद्धा नाही, आणि ते टनाच्या लॉटचं म्हणून छापलं जातं. हायवेनं ट्रकमध्ये हादरत गेलेल्या पोत्यात बारीक खाली झिरपतं आणि जाड वर येतं. माल चिकट असेल तर कमी, ग्रॅफाइट तर सरकतंच. वेगवेगळ्या पोत्यांतून, वर मधे खाली अशा नळीनं घ्यायचं, एकत्र करून ढीग घालून चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, परत ढीग, असं करत करत लहान करायचं. फिरता रिफलर (सॅम्पलचे सारखे भाग पाडणारं यंत्र) असेल तर उत्तमच. आणि शेवटच्या बरणीतून पण हलवून वरचं चिमूटभर घेऊ नका, पेस्ट करून त्यातलं घ्या. माझ्या मते अशी निम्मी भांडणं मशिनपाशी नाही, पोत्यापाशीच सुरू होतात.

पावडरवाला
आणि चाळणीचं? तिकडनं पण ते बोट दाखवणारच.

सर्व्हिसवाला
दाखवू देत, पण तुम्ही आधीच बघून ठेवा. ३२५ ची जाळी घासून, ब्रश मारून सैल होते, तारा सरकतात, एखादं भोक ७० चं झालं तरी डोळ्याला दिसत नाही आणि पासिंग छान छान येत राहतं. साध्या मायक्रोस्कोपखाली जाळी धरा. आयएस ४६० (चाळण्यांचं भारतीय स्टँडर्ड) चं सर्टिफिकेट जुनं झालं असेल तर नवी घ्या. आणि कोरडं हातानं चाळत असाल तर बारीक माल जाळीला चिकटून भोकं बुजतात, एअर जेट चाळणी (हवेच्या झोतानं भोकं मोकळी ठेवणारी) त्यासाठीच आहे. मशिनच्या बाजूनं त्यांना विचारा की काचेच्या मण्यांचं स्टँडर्ड शेवटचं कधी लावलं होतं. या मशिनला तराजूसारखं कॅलिब्रेट करत नाहीत, माहीत असलेलं सॅम्पल लावून बरोबर वाचतंय का एवढंच तपासतात.

निवृत्त_मास्तर
त्यांच्याकडून एकाच बरणीतल्या निदान तीन वेगळ्या सॅम्पलांचे रिपोर्ट मागा. आयएसओ १३३२० या लेझर मापणीच्या स्टँडर्डमध्ये त्याची मर्यादा दिलेली आहे, डी५० ला ३ टक्क्यांच्या आत आणि डी१०, डी९० ला ५ टक्क्यांच्या आत फरक, १० मायक्रॉनच्या खाली दुप्पट सूट. त्यांचाच डी९० एकदा ५८ आणि एकदा ४९ येत असेल तर वाद घालायला तुमची चाळणी लागणारच नाही.

कागल_२२
शिवाजी विद्यापीठात करून घ्या ना, तिथल्या सीएफसीत (कॉमन फॅसिलिटी सेंटर) मशिनं आहेत खूप.

लॅबातली
विचारा जरूर, पण विचारताना शब्द नीट वापरा. पार्टिकल साइज म्हटलं की बरेच जण डीएलएस समोर करतात. ते नॅनो कणांसाठी, लिक्विडमध्ये कण आपोआप थरथरतात त्यावरून माप काढतं. २० मायक्रॉनचं ग्रॅफाइट त्या छोट्या क्युव्हेटमध्ये टाकलं तर रीडिंग सुरू व्हायच्या आत तळाला. लेझर डिफ्रॅक्शनच पाहिजे असं सांगा.

पावडरवाला
मंडळी अपडेट. पार्टीचा मॅनेजर माणूस समजूतदार निघाला. आमच्या समोर सॅम्पल काढलं, वेगवेगळ्या पोत्यांतून, ढीग घालून चार भाग करून. आयपीएत लावलं, पंप निम्म्यावर, अल्ट्रासोनिक देत आकडा थांबेपर्यंत बघितलं. २०० वालं टेकाड गायब. डी५० २०, डी९० ५१, ४५ च्या खाली ८७ टक्के. तीन सॅम्पलांत फरक मास्तरांनी सांगितलेल्या मर्यादेत. जाळी पण मायक्रोस्कोपखाली बघितली, ठीक आहे. मग तोच मायक्रोस्कोप ग्रॅफाइटवर लावला, ४५ च्या चाळणीतून खाली पडलेल्या मालावर. स्लाइडवर चकचकीत पापुद्रे, बरेचसे सरळ ५५-६० रुंदीचे. पोरगा आधी म्हणला चाळणी फाटकीय, मग एक पापुद्रा लिक्विडमध्ये वळून उभा झाला तर नुसती रेघ दिसली, तेव्हा गप्प झाला.

लॉट घेतला त्यांनी. पण आता म्हणतायत पुढच्या पीओत (खरेदीच्या ऑर्डरीत) ‘९८ टक्के मायनस ४५, लेझरवर’, म्हणजे ९८ टक्के ४५ च्या खाली, असं लिहिणार. ते मी कसं मान्य करू?

सर्व्हिसवाला
करू नकाच. त्यासाठी क्लासिफायर एवढा आवळावा लागेल की तासाचं प्रॉडक्शन निम्म्यावर येईल आणि बारीक एवढं वाढेल की कोटिंग तडकलं म्हणून तेच ओरडत येतील. चाळणीचा स्पेक चाळणीवर ठेवा, ९८ मायनस ३२५, एअर जेटवर. लेझरचा वेगळा स्पेक करा, डी५० आणि डी९० ची रेंज, त्याच्या खाली आयपीए, अल्ट्रासोनिकची मिनिटं, पंपाचा स्पीड, मॉडेल, सगळं लिहून. आणि कुणी म्हणालं की चाळणीचा आकडा गुणिले अमुक म्हणजे लेझरचा, तर ते याच मालाला याच मिलवर चालेल कदाचित, खाणीचा माल बदलला की फॅक्टर गेला.

शिरोली_मोल्डर
आणि रेंज ठरवताना ज्या लॉटनं कास्टिंग चांगलं दिलंय त्यावरनं ठरवा, कागदावरनं नको. माझ्याकडं बसलेल्या ड्रमचं आणि चांगल्या ड्रमचं दोन्ही कोटिंग ठेवलंय. ताई, तुमच्या मशिनवर लावून मिळतील का? पैसे देतो.

लॅबातली
बाहेरचं सॅम्पल घ्यायला साहेबांना विचारावं लागेल काका, बघते. पण कोटिंगमध्ये बाइंडर आणि बेंटोनाइट पण असतं, ते तसंच लावलं तर कशाचं माप आलं कळणार नाही. आत टाकलेल्या कोरड्या पावडरी शिल्लक असतील तर त्या वेगवेगळ्या पाकिटात द्या.

शिरोली_मोल्डर
ग्रॅफाइटची हाय. बाकीची स्टोअरवाल्याला विचारतो उद्या, तो आज सुट्टीवर.